प्रलयकथांचा जमाखर्च
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



प्रलयाची कथा ऐकली नाही असा मनुष्य विरळाच. एका सज्जनाला आधी सूचना मिळते, तो नाव बांधतो, पाणी चढते, जीवसृष्टी बुडते आणि पाणी ओसरल्यावर त्या नावेतून उतरलेल्यांपासून नवे जग सुरू होते. पिढ्यान्‌पिढ्या वडीलधाऱ्यांनी ही कथा मुलांना सांगितली आणि प्रत्येक पिढीत एखाद्या मुलाने विचारले, "आजोबा, एवढे पाणी आले कोठून आणि गेले कोठे?" या प्रश्नाला बहुतेक घरांत दोनच उत्तरे मिळत आली. पहिले आजोबांचे, "असे विचारायचे नसते." दुसरे त्या मुलाने मोठेपणी स्वतःच काढलेले, "ते सगळे खोटे असते." पहिल्या उत्तरात बुद्धीची उपेक्षा होते, दुसऱ्यात परंपरेची. या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे. तो म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन शांतपणे हिशेब मांडून पाहणे. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

हिशेब मांडणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. ज्या पेढीवर भागीदारांचा परस्परांवर पूर्ण विश्वास असतो, तेथेही वर्षअखेरीस वही तपासली जातेच. पाण्याचीही अशीच एक वही असते. जेवढे पाणी चढले तेवढे कोठून तरी जमा व्हावे लागते आणि ओसरले तेवढे कोठे तरी खर्ची पडावे लागते. ही वही जुळते का, एवढेच पाहायचे आहे.

सर्वांत प्रसिद्ध प्रलयकथा बायबलच्या उत्पत्ती ग्रंथातील नोहाची. तिच्यात आकडे स्पष्ट दिलेले आहेत, म्हणून हिशेबाला तीच सोयीची. नोहाचे तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद आणि ३० हात उंच होते. पाऊस ४० दिवस आणि ४० रात्री पडला. आकाशाखालचे सर्व उंच पर्वत बुडाले आणि त्यांच्यावर १५ हात पाणी चढले. हात साधारण ४५ सेंटिमीटरचा धरला, तर तारवाचे घनफळ सुमारे ४१ हजार घनमीटर भरते. इसवी सन १५५४ मध्ये ब्युटिओ या फ्रेंच गणितज्ञाने या तारवात प्राणी, चारा आणि धान्य मावेल का याचा तपशीलवार हिशेब छापून प्रसिद्ध केला होता. म्हणजे धर्मकथेला गणित लावण्याची ही रीत नवी नाही आणि ती लावणारे नास्तिकही नव्हते.

आता पाण्याची बाजू पाहू. पृथ्वीचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर आणि एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर. समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टच्या माथ्यापर्यंत सर्वत्र पाणी भरायचे, तर सुमारे ४५० कोटी घन किलोमीटर पाणी लागेल. समुद्र, नद्या, बर्फ, भूजल आणि हवेतील वाफ मिळून पृथ्वीवर आज असलेले पाणी सुमारे १३९ कोटी घन किलोमीटर आहे. त्यातील जवळजवळ १३४ कोटी तर समुद्रातच आहे आणि समुद्र आधीच भरलेला आहे. नव्याने जमा होण्याजोगे पाणी अत्यल्प. ध्रुवांवरचे आणि पर्वतांवरचे सारे बर्फ वितळले तरी समुद्राची पातळी साधारण ७० मीटर वाढेल. हवेतील सगळी वाफ एकाच वेळी पाऊस होऊन कोसळली, तर पृथ्वीभर जेमतेम एक इंच पाणी साचेल.

कोणी म्हणेल, कथेत एव्हरेस्टचे नाव नाही, तारू अरारातच्या पर्वतांवर टेकले एवढेच सांगितले आहे. ठीक आहे, अरारात शिखराची ५,१३७ मीटर उंची धरू. तरीही २६२ कोटी घन किलोमीटर पाणी लागते, म्हणजे पृथ्वीवरील एकूण पाण्याच्या जवळजवळ दुप्पट. वही जुळत नाही.

पावसाचा वेग पाहिला तर अडचण आणखी वाढते. ४० दिवसांत ८,८४९ मीटर म्हणजे दररोज २२१ मीटर, तासाला ९ मीटरहून अधिक. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि सारे महानगर ठप्प झाले. चोवीस तासांच्या पावसाचा जागतिक विक्रम हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर जानेवारी १९६६ मध्ये नोंदला गेला, १,८२५ मिलिमीटर. कथेतला पाऊस या विक्रमाच्याही १२१ पट होतो. शिवाय वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. एवढ्या पावसातून बाहेर पडणारी उष्णता वातावरणाच्या माथ्यावर पडणाऱ्या सूर्याच्या उष्णतेच्या चार हजार पटींहून अधिक भरते. तारवातले जीव बुडण्याआधी होरपळून गेले असते.

उत्पत्ती ग्रंथ केवळ पावसावर थांबत नाही, खोल जळांचे झरे फुटले असेही सांगतो, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. २०१४ मध्ये ब्राझीलमधील एका हिऱ्यात अडकलेला रिंगवुडाइट नावाच्या खनिजाचा सूक्ष्म कण तपासला गेला आणि त्यात सुमारे दीड टक्का पाणी आढळले. शेकडो किलोमीटर खोलीवर पाणी आहे, ही बातमी त्यामुळे जगभर गाजली. परंतु ते पाणी तळ्यासारखे साठलेले नाही, ते खनिजाच्या रचनेतच बांधलेले आहे. विटेत पाणी असते म्हणून वीट पिळून घागर भरता येत नाही, तसाच हा प्रकार.

हा हिशेब श्रद्धावंतांनीच प्रथम मांडला, हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. इंग्लंडमधील धर्मोपदेशक थॉमस बर्नेट यांनी १६८१ मध्ये गणना केली आणि प्रलयाला आठ महासागरांइतके पाणी लागेल असा निष्कर्ष काढला. समुद्राची खरी खोली त्या काळी माहीत नसल्याने त्यांचा आकडा चुकला, आजच्या मापाने तो साडेतीनच्या आत येतो. मात्र प्रश्न त्यांनी अचूक ओळखला होता. पुढे धूमकेतूमुळे ज्यांचे नाव अमर झाले त्या एडमंड हॅली यांनी १६९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. इंग्लंडच्या सर्वाधिक पावसाच्या परगण्यात वर्षभरात पडणारा ४० इंच पाऊस एका दिवसात पडला आणि असे ४० दिवस चालले, तरी पाणी साधारण १३३ फूटच चढेल, असा त्यांचा हिशेब होता. हॅली यांनी कथा नाकारली नाही. धूमकेतूच्या धक्क्याने समुद्र उसळला असेल, अशी शंका त्यांनी मांडली. पण एखाद्या शब्दाने धर्मगुरूंचा रोष ओढवेल या भीतीने तो निबंध तीस वर्षे छापला गेला नाही. हिशेब बरोबर असूनही वही उघडण्याची भीती वाटावी, ही खरी शोकांतिका होय.

मग ही कथा निव्वळ कल्पना ठरते काय? तसे म्हणण्याची घाई करण्यापूर्वी तिच्या मुळाकडे गेले पाहिजे. ते मूळ आजच्या इराकमध्ये, युफ्रेटिस आणि तैग्रिस या नद्यांच्या खोऱ्यात आहे. ३ डिसेंबर १८७२ रोजी जॉर्ज स्मिथ यांनी लंडनमध्ये निनेव्हे येथील मातीच्या पाटीवरील प्रलयकथेचे वाचन केले. स्मिथ विद्यापीठात शिकलेले नव्हते. चलनी नोटांचे ठसे कोरण्याचे काम शिकलेला हा कारागीर स्वतःच्या बळावर ती कीलाक्षर लिपी वाचू लागला होता. गिल्गमेशच्या महाकाव्यातील त्या कथेत उत्नपिश्तिम नावेत बसतो, वादळ सात दिवसांत शमते आणि जमीन शोधायला तो पक्षी सोडतो. नोहाच्या कथेशी असलेले साम्य पाहून सारी सभा थक्क झाली.

या कथेतही आकडे आहेत. उत्नपिश्तिमची नाव १२० हात लांब, १२० हात रुंद आणि १२० हात उंच, म्हणजे एक अवाढव्य चौकोनी पेटी. बाबिलोनी हात साधारण अर्ध्या मीटरचा. म्हणजे प्रत्येक बाजू ६० मीटर आणि उंची वीसमजली इमारतीएवढी. अशी नाव कोणी सुतार बांधणार नाही. येथेही गणित कथेच्या विरोधातच उभे राहते, असे वाटते.

परंतु याच खोऱ्यातील आणखी एक पाटी ब्रिटिश म्युझियमचे तज्ज्ञ आयर्विंग फिंकेल यांनी वाचली आणि २०१४ मध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. तळहातावर मावणारी ही पाटी निनेव्हेच्या पाटीहून हजार वर्षांनी जुनी आहे. तिच्यात देव सांगतो की नाव गोल कर. हंपीजवळ तुंगभद्रा पार करणाऱ्यांनी टोपलीसारखी गोल नाव पाहिलेली असते, इराकमध्ये तशाच नावेला कुफा म्हणत. पाटीतील नावेच्या तळाचे क्षेत्रफळ एक इकू, म्हणजे ३,६०० चौरस मीटर. व्यास सुमारे ६८ मीटर. भिंतीची उंची एक निंदान, म्हणजे बारा हात, सहा मीटर.

आता दोन्ही पाट्या शेजारी ठेवून पाहावे. चौकोनी नावेचा तळ ६० गुणिले ६०, म्हणजे ३,६०० चौरस मीटर. गोल नावेचाही तळ नेमका तेवढाच. हजार वर्षांत क्षेत्रफळ तसूभरही बदलले नाही. गोलाचा चौकोन झाला आणि भिंत मात्र एका निंदानाची दहा निंदान झाली. कापड तेच राहिले, सांगताना हात वाढत गेले. कथा कोठे वाढली, किती वाढली आणि कोठे मुळीच वाढली नाही, हे गणिताने असे बोट ठेवून दाखवले.

त्याहून विलक्षण गोष्ट दोरीची. टोपलीप्रमाणे दोरीची वेटोळी एकावर एक शिवून ही नाव बनवायची आणि वर डांबराचा लेप द्यायचा. त्यासाठी किती दोरी लागेल तेही पाटीत सांगितले आहे, १४,४३० सुतू. सुतू हे धान्य मापण्याच्या पायलीसारखे आकारमानाचे माप. फिंकेल यांनी एका गणितज्ञाच्या मदतीने तळ, भिंत आणि दोरीची जाडी धरून स्वतंत्र हिशेब केला, तेव्हा उत्तर पाटीतील आकड्यापासून साधारण एका टक्क्याच्या फरकाने आले. ती दोरी उलगडली तर सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास भरेल. एवढी मोठी नाव प्रत्यक्षात कोणी बांधली असेल, असे यावरून सिद्ध होत नाही. पण ज्या लेखकाने हा आकडा लिहिला त्याने आधी हिशेब केला होता, एवढे निश्चित. नदीकाठी राहणारे आणि गोल नावा वळणारे त्याचे श्रोते दोरीचा आकडा चुकला असता तर हसले असते. आजोबांना प्रश्न विचारणारे मूल त्या सभेतही बसलेले असावे, आणि तेथे त्याला उत्तर मिळाले. फिंकेल यांच्या मार्गदर्शनाखाली केरळमध्ये लहान आकाराची अशी एक नाव बांधण्यात आली. तिला गळती लागली, पाणी उपसत राहावे लागले, तरी ती तरंगली.

नाव मापात बसली, आता पाणी मापात बसते का ते पाहावे. १९२९ मध्ये लिओनार्ड वूली यांना उर या प्राचीन नगराच्या उत्खननात सुमारे अकरा फूट जाडीचा गाळाचा थर सापडला आणि प्रलयाचा पुरावा मिळाल्याची वार्ता जगभर झाली. त्यांच्या अंदाजाने हा पूर २५ फूट खोल, ३०० मैल लांब आणि १०० मैल रुंद असावा. या पुराचे पाणी सुमारे ६०० घन किलोमीटर होते. तैग्रिस आणि युफ्रेटिस मिळून वर्षाला साधारण ८० घन किलोमीटर पाणी वाहते. म्हणजे सात वर्षांचा प्रवाह एकाच वेळी हवा. पुढे हेही दिसून आले की उरचा थर आणि शुरुप्पक नगरातील पुराचा थर यांच्यात कित्येक शतकांचे अंतर आहे. ते दोन वेगळे पूर होते. गणिताने येथे धर्मग्रंथाला लावलेलाच गज विद्वानालाही लावला, हे त्याचे निष्पक्षपण.

तेव्हा प्रश्न उलट बाजूने विचारावा. सारे जग बुडाले असे एखाद्या माणसाला वाटण्यासाठी किमान किती पाणी पुरे? दक्षिण इराकचा प्रदेश कमालीचा सपाट आहे. बगदाद समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असूनही जेमतेम ३४ मीटर उंचीवर आहे. सहा मीटर उंचीच्या नावेच्या काठाशी उभा असलेला माणूस पृथ्वीच्या गोलाईमुळे फार तर दहा किलोमीटरपर्यंतचे पाणी पाहू शकतो. दहा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस किलोमीटर. त्यावर दोन मीटर पाणी चढले, तर ते झाले सुमारे ६३ कोटी घनमीटर, धरणांच्या भाषेत २२ टीएमसी. कोयनेच्या शिवसागरात १०५ टीएमसी पाणी मावते. त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही थोडे अधिक एवढ्याच पाण्यात त्या माणसाच्या डोळ्यांपुढचे जग, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, पूर्णपणे बुडाले. तुर्कस्तानच्या डोंगरांवरील बर्फ वितळण्याच्या वेळी वसंतातला जोराचा पाऊस आला, तर त्या नद्यांना असा पूर सहज येऊ शकत होता. ही वही जुळते.

"सर्व पृथ्वी पाण्याखाली गेली" हे विधान खरे की खोटे, याचे उत्तर मग कोणाच्या दृष्टीने, या प्रश्नावर अवलंबून राहते. स्याद्वादाचे संस्कार झालेल्या श्रोत्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. भूगोलाच्या दृष्टीने ते असत्य आहे. नावेच्या काठाशी उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने त्यात अतिशयोक्तीचा लेशही नाही.

गणित कधी कथेच्या बाजूनेही साक्ष देते. चीनमध्ये यू राजाने महापूर आवरला अशी प्राचीन कथा आहे. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी पीत नदीच्या जिशी घळीत, सुमारे इसवी सनपूर्व १९२० मध्ये दरड कोसळून नदी अडल्याची आणि तो बांध फुटल्याची चिन्हे मांडली. बांधामागे १२ ते १७ घन किलोमीटर पाणी साठले आणि फुटताना सेकंदाला सुमारे चार लाख घनमीटर वेगाने बाहेर पडले, असा त्यांचा अंदाज. तेथे नदी वर्षाला साधारण २२ घन किलोमीटर पाणी वाहून आणते. म्हणजे एवढा साठा व्हायला सहा ते नऊ महिने पुरतात. आकडे एकमेकांना धरून आहेत. हाच पूर यूच्या कथेतला, या निष्कर्षावर इतर संशोधकांनी आक्षेप घेतले आहेत आणि तो वाद गणिताने सुटणारा नाही. असा पूर संभवनीय होता एवढेच गणित सांगू शकते.

आणि जेथे आकडेच नाहीत तेथे गणिताने गप्प राहावे. शतपथ ब्राह्मणातील मनूच्या कथेत मासा घागरीतून खड्ड्यात, खड्ड्यातून समुद्रात जातो, पुढे मनूची नाव उत्तरेच्या पर्वतापर्यंत ओढून नेतो आणि पाणी उतरेल तसतसे खाली ये असे सांगतो. दिवस किती, पाणी किती हात, याचा उल्लेख नाही. अशा कथेला गणित खरी म्हणू शकत नाही आणि खोटीही म्हणू शकत नाही. कोऱ्या पानाचा ताळेबंद निघत नसतो.

या साऱ्या खटाटोपातून हाती काय लागले? साडेचारशे कोटी घन किलोमीटरच्या प्रलयात माणूस दिसत नाही, दिसतो फक्त आकडा. बावीस टीएमसीच्या पुरात मात्र माणसे दिसू लागतात. भिजलेले धान्य, वाहून गेलेली गुरे, डांबर लावलेली एक गोल नाव आणि तिच्यात कोणाला घ्यायचे आणि कोणाला मागे ठेवायचे हा भयंकर प्रश्न. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णाकाठच्या सांगलीत ज्यांनी छपरावर उभे राहून पाणी पाहिले, त्यांना त्या माणसाचे शब्द परके वाटणार नाहीत. कथा मापात आणली तेव्हा ती लहान झाली खरी, पण जवळ आली. आणि जवळच्या कथेकडून शिकता येते. सपाट काठावर नदीचा हक्क असतो, सूचना आधी मिळते, ती ऐकणारे थोडे असतात, आणि नाव पाणी येण्यापूर्वी बांधावी लागते. यातला एकही धडा हिशेबाने खोडून काढलेला नाही.

म्हणून घरातले मूल "एवढे पाणी आले कोठून?" असे विचारील, तेव्हा त्याला गप्प बसवू नये. त्याच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी, पृथ्वीचे क्षेत्रफळ सांगावे आणि शेजारी बसून गुणाकार पाहावा. उत्तर काहीही आले तरी भिण्याचे कारण नाही. चार हजार वर्षांपूर्वी मातीच्या पाटीवर दोरीचा हिशेब लिहिणाऱ्या त्या अज्ञात लेखकानेही हेच केले होते.